गोझोत जीप स्वतः चालवायची असेल तर

भूमध्य समुद्रातल्या बहुतेक बेटांवर आपल्याकडच्या माणसाने गाडी हाती घेतली की पहिला दिवस रस्त्याची बाजू सांभाळण्यातच जातो. क्रीट, सार्डिनिया, मायोर्का, कोर्सिका, सगळीकडे वाहतूक उजवीकडून. सायप्रस आणि माल्टा तेवढे वेगळे. दोन्हींवर ब्रिटिशांचे राज्य होते, त्यामुळे रस्त्याची डावी बाजू आणि उजवीकडचे स्टिअरिंग आपल्यासारखेच. माल्टाचे धाकटे भावंड म्हणजे गोझो. क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर, लांबी साधारण १४ किलोमीटर आणि रुंदी ७. परदेशात पहिल्यांदाच स्टिअरिंग धरणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही. पाट्या वाचता येतात, इंग्रजी सगळीकडे चालते आणि रस्ता चुकला तरी थोड्या वेळात पुढे समुद्रच येतो.

आधी प्रकार ठरवा

गोझोत जीपने फिरायचे तीन मार्ग आहेत. पहिला, चालकासह जीप. तुम्ही मागे बसायचे, तो दाखवील ते बघायचे. दुसरा, गाडी भाड्याने घेऊन एकट्याने भटकायचे. तिसरा, ज्याबद्दल हा लेख आहे, तो ताफ्याचा: चार-पाच जीप, पुढच्या जीपमध्ये गाइड, मागच्या गाड्या पर्यटकच चालवतात आणि प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी किंवा तसलेच काही. रस्ता शोधायची कटकट गाइडकडे, चालवायची मजा तुमच्याकडे. क्वाड बाइकचेही असेच दौरे निघतात, पण ऊन, धूळ आणि आईवडील सोबत असतील तर जीपच बरी.

एक गोष्ट मात्र बुकिंगच्या आधी घरात बोलून घ्या. अशा सहलीत सगळ्यांत कमी बघायला मिळते ते चालवणाऱ्याला. त्याची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर आणि दोन्ही बाजूंच्या दगडांवर खिळलेली असते. डावीकडे कडा संपून निळे पाणी सुरू झाले हे त्याला मागच्या सीटवरच्या ओरडण्यावरून कळते. म्हणून एका गाडीत किमान दोघांनी चालवावे आणि दोघांचीही नावे बुकिंगमध्ये चालक म्हणून द्यावीत. ज्याचे नाव नोंदलेले नाही त्याने पाच मिनिटे जरी गाडी चालवली आणि नेमके तेव्हाच काही झाले, तर विमा हात वर करतो. अतिरिक्त चालकाचे थोडे पैसे पडत असतील तर ते द्यावेत, तिथे काटकसर नको.

बुकिंग करताना आणखी काही प्रश्न विचारायलाच हवेत. ताफ्यात जास्तीत जास्त किती गाड्या? सहापेक्षा जास्त असतील तर मी दुसरा आयोजक बघेन, कारण तेवढा लांब ताफा प्रत्येक सर्कलवर तुटतो आणि अर्धा दिवस एकमेकांची वाट बघण्यात जातो. थांबे किती? एका दिवसात सहा-सात थांबे पुष्कळ झाले. यादीत बारा नावे असतील तर त्यातल्या निम्म्या जागा खिडकीतूनच दिसणार हे समजून चाला. गाडी गिअरची की ऑटोमॅटिक, पेट्रोलची की विजेवरची? जेवण आणि फेरीबोट पैशात धरली आहे का? चालकाचे किमान वय किती? पंचविशीच्या आतल्या मुलांना इथे अनेकदा नकार मिळतो, म्हणून ते लेखी विचारून ठेवावे. लहान मूल असेल तर त्याची सीट आधीच सांगून ठेवा, त्या सकाळी ती मिळेलच असे नाही.

कागद

माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणजे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. पण तो विमा तुमच्या हाडांचा. जीपच्या पत्र्याशी त्याचा संबंध नाही.

परदेशी परवान्यावर माल्टात आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. तरी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा, कारण काउंटरवरचा माणूस तो मागू शकतो आणि त्याच्याशी वाद घालण्यात सकाळ घालवण्यात अर्थ नाही. आपल्या आरटीओत नमुना ४-अ भरून हा परवाना मिळतो, फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ परवाना सोबत नसेल तर तो एकटा काही कामाचा नाही, दोन्ही न्या.

अनामत रक्कम बहुधा क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात आणि ते कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. 'सगळे विम्यात आहे' असे तोंडी सांगितले तरी तीन गोष्टी कागदावर शोधा: टायर, काचा आणि गाडीचा तळ. कच्च्या वाटेवर नेमके यांनाच लागते आणि विम्यातून नेमके हेच वगळलेले असते.

कधी जावे

एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशी ओलांडतो, बेटावर झाडांची सावली फार थोडी आणि उघड्या जीपमध्ये तर सावली नाहीच. शिवाय उन्हाळ्यात एकेका गावाची 'फेस्टा' म्हणजे गावजत्रा असते: बँड, रोषणाई, फटाके आणि बंद रस्ते. १५ ऑगस्टची सान्ता मारिया ही राजधानी व्हिक्टोरियातली मोठी जत्रा. बघायला उत्तम, पण त्या दिवशी जीपचे बुकिंग करू नका.

वाऱ्याचीही चौकशी करावी. इथे वायव्येचा वारा सर्वांत जास्त वाहतो, त्याला 'मय्यिस्त्राल' म्हणतात. तो जोरात असला की उत्तर किनाऱ्यावर पोहणे सोडून द्यायचे आणि गाइडला सरळ विचारायचे, 'दक्षिणेकडची इम्जार इश-शीनी करता येईल का?' ती खाडी दोन उंच कडांच्या मध्ये आत शिरलेली असल्यामुळे या वाऱ्यापासून पुष्कळ वाचते. छोट्या गटाचा हाच फायदा की दुपारचा बेत सकाळी बदलता येतो.

बेटावर पोहोचणे

माल्टाच्या उत्तर टोकाला चिरकेव्वा बंदर आहे. तिथून गोझोच्या इम्जार बंदराला फेरी सुमारे २५ मिनिटांत जाते आणि ती दिवसरात्र चालू असते. विमानतळावरून चिरकेव्वाला एक्स-१ क्रमांकाची बस आहे, पण तिला तासाच्या वर लागतो. व्हॅलेटाहून २०२१ पासून पायी प्रवाशांसाठी जलद बोट सुरू आहे, साधारण पाऊण तास. समुद्र खवळला की ती रद्द होऊ शकते, मोठी फेरी बराच काळ तग धरते. सहल सकाळी नऊला असेल तर आदल्या रात्री गोझोत मुक्काम करणे सगळ्यांत शहाणपणाचे. रात्रीचे गोझो शांत असते, झोपही चांगली लागते.

नावांची एक किल्ली लक्षात ठेवा, नाहीतर वॉकीटॉकीवर काय बोलले जाते आणि पाटीवर काय लिहिले आहे यांचा मेळ बसणार नाही. पाटीवर एक्स अक्षर दिसले की 'श' म्हणा: श्लेंडी, श्वेयनी. जे दिसले की 'य'. आणि जी-एच ही जोडी बहुतेक वेळा मुकी असते, म्हणून कानावर 'आर्ब' पडले तरी त्या गावाची पाटी शोधताना जी-एचपासून सुरू होणारे नाव शोधा.

गाडी ताब्यात घेताना

घाई करू नका, गाइड थांबतो. गाडीभोवती चक्कर मारून फोनवर व्हिडिओ काढा. चारही चाकांच्या रिम, बंपरचा खालचा भाग आणि पुढची काच जवळून घ्या. स्टेपनी आहे का, जॅक कुठे आहे, छत बंद कसे करायचे हे बघा. सीट आणि आरसे बसवून घ्या. ताफ्यात आरसे पुढच्या काचेइतकेच महत्त्वाचे, ते का हे पुढे येईलच.

मग फोर बाय फोरचे लिव्हर. जिप्सी किंवा जिम्नी चालवलेल्यांना हे ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. अशा छोट्या जीपमध्ये चारही चाकांची जोडणी गरजेपुरती वापरायची असते. कोरड्या डांबरावर ती चालू ठेवून वळण घेतले की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, पण आतून ती एकमेकांना बांधलेली असतात. गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होते आणि यंत्रणेवर ताण येतो. म्हणून डांबरावर दोन चाकांवर, खडी-मातीवर चार चाकांवर. तीव्र उतारावर लो रेंज, म्हणजे कमी वेग आणि जास्त ताकद देणारी जोडणी, पहिला गिअर आणि ब्रेकवर हलका पाय. सान ब्लास खाडीकडे उतरणारी वाट इतकी उभी आहे की गाइड ती घेतच नसेल तर आग्रह करू नका. विजेवरच्या जीपमध्ये पाय उचलल्यावर गाडी आपसूक किती आवरते ते मोकळ्या जागेत एकदा करून पाहा.

ताफ्यात चालवण्याची रीत

नवख्याला वाटते, पुढच्या गाडीला चिकटून राहिले की झाले. पण ताफा टिकतो तो मागच्या गाडीमुळे. नियम असा: तुमची जबाबदारी तुमच्या मागच्या गाडीची. प्रत्येक वळणाच्या आधी आरशात ती दिसली पाहिजे. दिसत नसेल तर वळणावर, सुरक्षित जागी, इंडिकेटर देऊन थांबायचे. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबेल, मग त्याच्या पुढचा, आणि काही क्षणांत गाइडला कळेल. हे सगळ्यांनी पाळले तर कोणी हरवत नाही आणि कोणाला घाईने सर्कलमध्ये घुसावे लागत नाही.

सर्कलबद्दल मात्र आपली सवय मोडावी लागते. उजवीकडून येणाऱ्या, म्हणजे आधीच सर्कलमध्ये असलेल्या गाडीला पहिला हक्क. नाक घालून जागा करून घेण्याची आपली कला इथे चालत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा दिसला की थांबायचे, तो थांबेल या भरवशावर राहायचे नाही. वस्तीत वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, बाहेर ८०. गोझोच्या आतल्या रस्त्यांवर ८० ची वेळ येत नाही, आणि आली असे वाटले तर ते बहुधा चुकीचे वाटते आहे.

खरी परीक्षा शेतांमधल्या वाटांवर. दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे आणि मध्ये एका जीपला पुरेल एवढी जागा. हे गडगे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी झिरपू देतात आणि कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना आरसा घासला तर नुकसान आरशाचे होते, चाक आदळले तर दोघांचे. समोरून गाडी आली तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने मागे जायचे. पाच जीपसमोर एक गाडी असेल तर साहजिकच ती मागे जाते, पण समोर ट्रॅक्टर असेल तर आपल्या ताफ्याला मागे सरकावे लागते, आणि तेव्हा शेवटची गाडी सर्वांत आधी हलली पाहिजे. वॉकीटॉकीवर ऐकू येईपर्यंत मधल्यांनी रिव्हर्स टाकू नये. कच्च्या वाटेवर पुढच्याची धूळ खाली बसेल एवढे अंतर ठेवा. पोटात धूळही जात नाही आणि उडालेल्या खड्याने काचही फुटत नाही. सकाळी लवकर निघालात तर हलक्या दोनचाकी गाडीला जुंपलेले शर्यतीचे घोडे रस्त्यावर सरावाला आणलेले दिसतील. त्यांच्या मागे हॉर्न वाजवायचा नाही.

जीप आहे म्हणून वाट सोडून कातळावर घालायची, हे इथे बेकायदा आहे. तो खडकाळ माळ उजाड दिसतो, पण त्या फटींत वाढणारी थाइमसारखी झुडपे चाकाखाली गेली की लवकर उभी राहत नाहीत.

आणि दारू. वाईनची चव बघण्याचा थांबा काही सहलींत असतो. माल्टात मर्यादा दर १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे आपल्या ३० पेक्षा सैल. पण त्या वाटा पाहता ज्याच्या हाती किल्ली त्याने दुपारी लिंबूपाणीच घ्यावे. हवी तर बाटली विकत घेऊन रात्री उघडावी.

थांब्यांवर काय बघावे

द्वेयरासाठी वेळ राखून ठेवा, आणि जमेल तर ते दिवसाच्या शेवटी येईल असे बघा, कारण ते पश्चिम टोकाला आहे आणि मावळतीचा सूर्य तिथून दिसतो. इथलीच ती प्रसिद्ध दगडी कमान, 'ॲझ्युअर विंडो', ८ मार्च २०१७ रोजी वादळात समुद्रात कोसळली. जुने फोटो पाहून आलेले लोक अजूनही ती शोधतात. पण कमान गेल्याने द्वेयरा ओस पडलेले नाही. बाजूलाच 'इनलँड सी' आहे, कड्याच्या आत अडकलेले समुद्राचे छोटे तळे. सुमारे ८० मीटर लांबीच्या नैसर्गिक बोगद्यातून छोट्या होड्या खुल्या समुद्रात घेऊन जातात. लाटा असल्या की बंद. समोर पाण्यात उभा असलेला 'फंगस रॉक' बघा. त्यावर उगवणारी एक लालसर वनस्पती औषधी आहे अशी त्या काळी माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांची समजूत होती, म्हणून त्या खडकावर पहारा असे आणि तिथे पाऊल ठेवायला मनाई होती. आज तीत फारसे औषध नाही असे मानतात, पण टेहळणीचा १६५२ चा बुरूज अजून उभा आहे. पायाखालच्या दगडात चपट्या गोल खुणा दिसतील, ते समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. उचकटून खिशात घालायचे नाहीत.

ज्यांना कमान हवीच आहे त्यांच्यासाठी उत्तर किनाऱ्यावर विएद इल-मिएलाह आहे. तिथली कमान लहान, पण गर्दी कमी. वर चढायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

श्वेयनीची मिठागरे मला बेटावर सर्वांत आवडतात. आपल्याकडे उरण-वसईला मिठागर म्हणजे चिखलाचे बांध. इथे पिवळ्या चुनखडीतच चौकोनी खाचे कोरलेले आहेत, किनाऱ्याने सुमारे तीन किलोमीटर. काही शतके जुनी ही आगरे आजही काही कुटुंबे राखतात आणि उन्हाळ्यात मीठ झाडून गोळा करतात. रस्त्यालगतच मीठ विकायला असते, ते घ्यावे. खाचांमध्ये बूट घालून उतरणारे पर्यटक दिसतात, त्यांच्यात तुम्ही नसावे.

शाअराजवळची जगन्तियाची मंदिरे इसवी सन पूर्व ३६०० च्या आसपासची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडपेक्षा जुनी. घाईच्या सहलीत इथे अर्धा तास मिळतो. तेवढ्यात दगड बघून होतात, पण संग्रहालय राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे असेल तर गाइडला तो वेळ द्वेयराला द्यायला सांगा.

व्हिक्टोरियातली चित्तादेल्ला ही तटबंदी पायीच बघायची. १५५१ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या आरमाराने बेटावर हल्ला केला आणि सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे जवळजवळ सगळी वस्ती, गुलाम करून नेली. त्यानंतर १६३७ पर्यंत बेटकऱ्यांनी रात्री या तटाच्या आत झोपायचे असा नियम होता. तटावरून खाली पाहिले की सगळे बेट एका नजरेत येते, आणि ही माणसे इथून काय न्याहाळत असतील ते समजते.

दक्षिणेला ता चेंचचे कडे सुमारे १४० मीटर उंच, कठडा नाही. मुलांचा हात धरा. रामला खाडीची वाळू तांबूस आहे, मागच्या वाळूच्या टेकड्या संरक्षित आहेत. जीप रस्त्यावरच लावायची. ता पिनूचे चर्च शेतांच्या मधोमध एकटे उभे आहे, आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून एक ओढणी किंवा पंचा गाडीत ठेवा.

खाणे आणि सोबतचे सामान

दुपारी फ्तीरा मिळते. गोझोची फ्तीरा पिझ्झ्यासारखी भाजून येते, वर बटाट्याचे पातळ काप आणि 'ज्बेयना' हे शेळी-मेंढीच्या दुधाचे छोटे चीज. शाकाहाऱ्यांनी ट्यूना आणि अँकोव्ही नको असे स्पष्ट सांगावे, कारण ते गृहीत धरून घातले जातात. पास्तित्सी ही पापुद्र्यांची करंजी चीजची किंवा वाटाण्याची असते. पापुद्र्यात चरबी आहे का ते विचारून घ्या. बिगिल्ला ही कडव्या वालासारख्या दाण्यांची, लसूण घातलेली चटणी पावाबरोबर छान लागते.

पाणी माणशी दोन लिटर तरी हवे. टोपी बांधता येईल अशी, उघड्या जीपमध्ये साधी टोपी पहिल्याच चढावर उडते. पोहायचे असेल तर रबरी सपाता, खडक टोकदार असतात. फोनचा चार्जर आणि तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग. ज्यांना घाट लागतो त्यांनी पुढच्या सीटवर बसावे आणि गोळी सकाळीच घ्यावी. आणीबाणीचा क्रमांक ११२.

परत करताना

संध्याकाळी गाडी देताना पुन्हा व्हिडिओ काढा आणि आयोजकाच्या माणसाकडून 'नुकसान नाही' असे लेखी घ्या, निदान मेसेजवर. पेट्रोल किती भरून द्यायचे ते सकाळीच ठरलेले असावे. अडवलेली अनामत सुटायला काही दिवस लागतात, लगेच फोन करू नका.

फेरीचे तिकीट चिरकेव्वाला मागत नाहीत, पैसे परतीच्या वेळी इम्जारला द्यायचे असतात. रविवारी संध्याकाळी सुट्टीला आलेले माल्टावासी घरी परततात आणि गाड्यांची रांग बंदरापासून वर चढावापर्यंत जाते. त्या रांगेत भाड्याच्या गाडीसह अडकण्यापेक्षा गाडी गोझोतच देऊन पायी चढलात तर पुढची फेरी सहसा मिळते. रात्री विमान असेल तर मात्र रविवारी सहल ठेवूच नका.